सांध्यांचा इतिहास : शिवलेल्या फळीपासून वेल्डिंग केलेल्या प्लास्टिक पत्र्याच्या डिंगीपर्यंत
(कर्जत व खालापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

नौकाबांधणीचा इतिहास सामान्यतः दोन अंगांनी लिहिला जातो. एक अंग राजसत्ता, आरमार व व्यापार यांचे. दुसरे लाकूड, लोखंड, फायबरग्लास अशा बदलत्या साहित्याचे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरे अंग आहे आणि त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. ते म्हणजे सांध्याचे. एकाच खोडातून कोरलेली डोण वगळली, तर प्रत्येक नौका ही अनेक तुकड्यांची जोडणी असते. पाण्याचा दाब, लाटांचा हिसका आणि उन्हातान्हाने होणारे आकुंचन-प्रसरण यांना तोंड देत दोन तुकडे एकत्र कसे ठेवावेत, हा प्रश्न प्रत्येक काळातील कारागिरापुढे होता. त्याचे उत्तर ज्याच्या हाती असे, त्याच्याच हाती नौका असे.

अलीकडच्या काळात या प्रश्नाला एक नवे उत्तर मिळाले आहे. पॉलिएथिलीनचे पत्रे कापून, वाकवून आणि गरम हवेने वेल्डिंग करून लहान शिडाची होडी बांधता येते. वरवर पाहता हा परंपरेशी संबंध तोडणारा प्रकार वाटतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, सांध्याच्या दृष्टीने पाहिल्यास ही होडी खिळ्यांच्या नौकेपेक्षा काथ्याने शिवलेल्या प्राचीन नौकेला अधिक जवळची आहे. हे प्रतिपादन तपासण्यासाठी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचा संदर्भ घेतला आहे. हे तालुके समुद्रकाठी नाहीत. परंतु घाटवाटा, नद्या आणि पुढे प्लास्टिकची निर्मिती या तिन्ही मार्गांनी त्यांचा नौकेशी संबंध आला आहे.

भूगोल : दोन तालुके, तीन नद्या

राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जतवरून वाहत कल्याणला खाडीचे रूप घेते. पाताळगंगा खोपोलीहून निघून रसायनीमार्गे आपट्याच्या पुढे खाडीला मिळते. तिसरी अंबा नदी बोरघाटाच्या डोंगरात उगम पावून जांभूळपाड्यावरून नागोठण्याला जाते व पुढे धरमतरच्या खाडीत विलीन होते. तिन्ही नद्या सह्याद्रीच्या पायथ्यापासून भरतीच्या पाण्यापर्यंतचे अंतर थोडक्यात कापतात. टाटांची जलविद्युत केंद्रे खोपोली येथे १९१५ मध्ये व भिवपुरी येथे १९२२ मध्ये सुरू झाल्यावर घाटमाथ्यावरचे पाणी पाताळगंगेत व उल्हासेत येऊ लागले आणि या नद्यांच्या उन्हाळी प्रवाहाचे स्वरूपच पालटले.

घाट व बंदर यांचे नाते येथे फार जुने आहे. उल्हासेच्या मुखाकडील कल्याणचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’मध्ये आणि कान्हेरीच्या शिलालेखांत येतो. राजमाचीच्या पायथ्याशी कर्जत तालुक्यात कोंडाण्याची लेणी आहेत. घाटमाथ्याकडून बंदराकडे जाणाऱ्या वाटेचीच ती खूण होय. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि घाट उतरलेला माल पनवेलच्या बंदरातून पडावांनी मुंबईस जाऊ लागला. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये ती बोरघाट चढून गेली. त्यानंतर माल थेट रुळांवरून मुंबईस जाऊ लागला व खाडीतील नौकांचे महत्त्व ओसरत गेले. कर्जत-खालापूरच्या स्मृतीतून नौका पुसली जाण्यास येथूनच आरंभ झाला, असे म्हणता येईल.

दोरीचा सांधा

पश्चिम हिंदी महासागरातील सर्वांत जुन्या ज्ञात परंपरांपैकी एक म्हणजे शिवलेली नौका. ‘पेरिप्लस’मध्ये अरबी किनाऱ्यावरच्या अशा नौकांचा उल्लेख आहे. मार्को पोलोने होर्मुझ येथील शिवलेल्या नौकांचे वर्णन केले आहे, अर्थात ते नापसंतीचे आहे. या पद्धतीत फळ्यांच्या कडांना ठरावीक अंतराने भोके पाडीत. दोन कडा भिडवून सांध्यावर काथ्याची भरणी ठेवीत आणि काथ्याच्याच दोरीने ती घट्ट शिवीत. मग राळ व तेल यांनी भोके बुजवीत. लोखंडाचा खिळा येथे लागत नसे. पाण्यात काथ्या फुगे व सांधा आवळला जाई. अशी नौका किनाऱ्यावर ओढताना किंवा वाळूच्या दांड्यावर आपटताना थोडी लवे, पण फुटत नसे. या लवचीकपणाची किंमतही होती. दोरी कुजे, म्हणून ठरावीक काळाने नौका उसवून पुन्हा शिवावी लागे.

या तंत्राची आधुनिक परीक्षा गोव्यात झाली. सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकातील जहाजावर आधारित अशी नौका केरळमधील कारागिरांच्या हातांनी, मुख्य कारागीर बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली, शिवण्यात आली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ती ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाली व डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून मस्कतकडे निघाली. चित्रावरून आकार काढता आला, आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या चाचण्याही घेता आल्या. परंतु सांधा शिवण्यासाठी तो हाताने शिवू शकणारी माणसेच शोधावी लागली, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे.

खिळ्याचा सांधा आणि कारागिराचे जाणे-येणे

१६५७ मध्ये कल्याण व भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि लवकरच त्या खाड्यांमध्ये नौकाबांधणी सुरू झाली. या कामावर रुई लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज कारागीर प्रमुखाची व त्याच्या माणसांची नेमणूक झाली होती. ही नौकाबांधणी पोर्तुगिजांना धोक्याची वाटली. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून ही माणसे काम सोडून निघून गेली. आरमाराच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा राजनैतिक डावपेच म्हणून सांगितला जातो. तंत्राच्या इतिहासात त्याचा अर्थ अधिक खोल आहे. लाकूड, दोर, खाडी, पैसा आणि राजाची इच्छा हे सर्व जागेवर होते. सांध्याची विद्या तेवढी चालून गेली. त्यानंतरही मराठ्यांच्या नौका बांधल्या जात राहिल्या, यावरून ती विद्या स्थानिक सुतारांच्या हाती पुरेशी उतरली होती, असा निष्कर्ष काढावा लागतो.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार केला आहे. रयतेची आंबा-फणसासारखी झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, असा त्यातील आदेश प्रसिद्ध आहे. त्यामागे रयतेच्या हिताची जाण आहे, तसेच नौकेचे लाकूड अमर्याद नाही याचीही जाण आहे.

खिळ्याच्या सांध्याची परिणती मुंबईत झाली. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने गोदीत सागवानी जहाजे बांधली. पश्चिम किनाऱ्यावरील उत्तम कामात फळीच्या कडेला खाच आणि शेजारच्या फळीला तिच्यात बसणारी जीभ ठेवीत; मध्ये कापूस व राळ भरून मग खिळे ठोकीत. १८१७ मध्ये मुंबईत जलावतरण झालेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. अशा सांध्याला उत्तम सागवान लागे, पिढ्यांचा सराव लागे आणि दोन्ही महाग होते. लहान होडी बांधणारा सामान्य मनुष्य त्यापासून दूरच राहिला.

तार, डिंक आणि साचा

विसाव्या शतकाच्या मध्यात पाण्यात न सुटणारा सरस व प्लायवूड यांमुळे लहान होडी पुन्हा सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. इंग्रजीतील ‘डिंगी’ हा शब्द मुळात हिंदी-बंगालीतील ‘डिंगी’ या लहान होडीच्या नावावरून गेलेला आहे. तो आता शिडाच्या खेळहोडीचे नाव होऊन परत आला. १९४७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ ही होडी आखली. चार फूट बाय आठ फुटांच्या प्लायवूडमधून ती तयार व्हावी, हा त्यामागील हेतू होता. १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये जॅक होल्ट व बॅरी बकनेल यांची ‘मिरर’ ही डिंगी आली. तिच्या फळ्या तांब्याच्या तारेने टाचून, सांध्यावर काचतंतूची पट्टी व राळ लावून जोडल्या जात. शिवणकामाची जुनी कल्पना येथे तारेच्या रूपाने परतली. फरक एवढाच की टाका तात्पुरता होता आणि अंतिम जोड रसायनाचा होता. त्याच वर्षी पीटर मिल्न यांनी आखलेली ‘फायरबॉल’ ही होडीही सपाट पत्र्यांचीच होती. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा याच प्रकारात फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

फायबरग्लासने मात्र उलटी दिशा धरली. त्यात सांधा जवळजवळ नाहीसा झाला, परंतु त्याच्या जागी साचा आला. साच्यातून एकसारख्या शंभर होड्या काढता येतात. एकच होडी हवी असेल, तर साच्याचा खर्च परवडत नाही. नौकेचे ज्ञान कारागिराच्या हातातून साच्याच्या मालकाकडे गेले. ब्रिटनमधील ‘टॉपर’ ही इयान प्रॉक्टर यांची डिंगी १९७० च्या दशकात पॉलिप्रॉपिलीनच्या मोठ्या साच्यांतून निघू लागली. प्लास्टिकची होडी त्यामुळे जगभर पोहोचली, पण ती कारखान्याचीच होडी राहिली.

बंदरापासून प्लास्टिकपर्यंत

पॉलिएथिलीनचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिगलर यांनी ते कमी दाबाखाली बनविण्याची पद्धत शोधली आणि त्यातून उच्च घनतेचे, टणक पॉलिएथिलीन म्हणजे एचडीपीई मिळाले. या कार्यासाठी झिगलर यांना जुलिओ नाट्टा यांच्यासह १९६३ चे नोबेल पारितोषिक लाभले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ठाणे-बेलापूर पट्ट्यात पेट्रोरसायनांचे उत्पादन सुरू झाले. पुढे अंबा नदीकाठच्या नागोठण्याजवळ आयपीसीएल या सार्वजनिक कंपनीचा प्रकल्प उभा राहिला. मुंबई हायच्या वायूपासून उरण येथे वेगळे केलेले इथेन व प्रोपेन तेथे येऊ लागले आणि त्यांपासून पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीनचे दाणे बनू लागले. ही कंपनी २००२ मध्ये रिलायन्सकडे गेली व २००७ मध्ये तिच्यात विलीन झाली. ज्या खाडीच्या बंदरात पूर्वी पडाव लागत, तेथेच आता नव्या होडीचा कच्चा माल तयार होतो.

खालापूर तालुक्याचा व लगतच्या रसायनीचा संबंध याहून जवळचा आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सने रसायनी हे नाव रूढ केले आणि पाताळगंगेच्या काठी रासायनिक उद्योगांची वस्ती वाढली. आम्लाच्या टाक्या, धुराडी व नळ यांसाठी लोखंड टिकत नाही. त्यासाठी पीव्हीसी, पॉलिप्रॉपिलीन व एचडीपीईचे पत्रे वेल्डिंग करून वापरतात. गरम हवेने प्लास्टिक जोडण्याचे हे तंत्र १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत पीव्हीसीसाठी विकसित झाले होते. आम्ल बाहेर येऊ न देणारी टाकी आणि पाणी आत येऊ न देणारी होडी यांच्या सांध्यात तत्त्वतः फरक नाही. नॉर्वे व तुर्कस्तान येथे एचडीपीई पत्र्यांच्या कामाच्या नौका बांधल्या जातात, त्यांच्यामागेही नळ व टाक्या जोडण्याचा असाच सराव आहे.

पत्र्याची डिंगी : बांधणीची रीत

पॉलिएथिलीनचा मूळ गुण म्हणजे त्याला काही चिकटत नाही. सरस, रंग, काचतंतूची राळ यांपैकी काहीही त्यावर टिकाऊ पकड घेत नाही. म्हणून त्याला वितळवून जोडण्यावाचून गत्यंतर नाही आणि जोडसळईही त्याच जातीच्या प्लास्टिकची लागते.

प्रथम होडीच्या तळाचे व बाजूंचे आकार पूर्ण मापात पत्र्यावर आखतात. पत्रा सुताराच्या साध्या करवतीने व रंध्याने कापता व तासता येतो. सांध्याच्या कडा तिरप्या तासून त्यांच्यामध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच ठेवतात. हवेने पृष्ठभागावर सूक्ष्म थर येतो, तो वेल्डिंगच्या अगदी आधी खरवडून काढावा लागतो. मग कडा भिडवून जागोजागी टाचण घेतात. शिवलेल्या नौकेच्या टाक्याचेच हे रूप. होडीचा आकार बरोबर आल्याची खात्री झाल्यावर खाचेत सळई दाबत गरम हवेचा झोत फिरवितात. पॉलिएथिलीन साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळते, पण झोतातील हवा त्याहून पुष्कळ गरम, ३०० अंशांच्या आसपास ठेवावी लागते. उष्णता, दाब व हाताचा वेग यांपैकी एक चुकले, तरी वरून सुंदर दिसणारा सांधा आतून कोरडा राहतो. शेवटी डोलकाठीचे आसन, मधल्या फळीची पेटी, सुकाणूची बिजागरे आणि हवाबंद कप्पे बसवितात.

या पद्धतीत साचा नाही. एकच होडी बांधणाऱ्यालाही ती परवडते आणि फाटलेला भाग तेथल्या तेथे पुन्हा वितळवून जोडता येतो. फळी आणि सांधा एकाच द्रव्याचे असल्याने सारे अंग एकत्र लवते. शिवलेल्या नौकेशी तिचे साम्य येथे आहे. खिळ्याच्या नौकेत सांधा हा फळीपेक्षा कठीण असतो आणि ताण त्याच्याभोवती साठतो. काथ्याच्या नौकेत व प्लास्टिकच्या नौकेत ताण वाटला जातो.

मर्यादांचा विचार

हे साम्य दाखविताना मर्यादा झाकणे योग्य होणार नाही. एचडीपीईचा ताठपणा प्लायवूडच्या सुमारे एक-दशांश असतो. वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ६ मिलिमीटर प्लायवूडइतका ताठ पत्रा हवा असेल, तर तो सुमारे १३ मिलिमीटर जाडीचा घ्यावा लागेल. आणि प्रत्येक चौरस मीटरमागे साडेतीन किलोऐवजी बारा किलोंहून अधिक वजन पडेल. यावर उपाय म्हणजे पातळ पत्र्याला वाक देणे आणि आतून फासळ्या घालणे. दुसरी अडचण उष्णतेची. ३ मीटर लांबीचा पत्रा २० अंशांच्या फरकाने सुमारे १ सेंटिमीटर लांबतो. कोकणच्या उन्हात तो दुपारी आखला आणि पहाटे जोडला, तर मापे जुळणार नाहीत. तिसरी अडचण मंद विरूपणाची. सततच्या ओढीखाली हे द्रव्य हळूहळू ताणले जाते. डोलकाठीच्या दोरांची पकड त्यामुळे रुंद पट्ट्यांवर वाटून द्यावी लागते. उन्हातील अतिनील किरणांनी पत्रा ठिसूळ होतो, म्हणून काजळीयुक्त काळा पत्रा घेणे श्रेयस्कर. शिवाय हे द्रव्य पाण्यापेक्षा जेमतेम हलके आहे. होडी भरली तर तिला तरते ठेवण्याचे काम हवाबंद कप्प्यांचेच.

सर्वांत गंभीर मर्यादा वेगळीच आहे. काथ्या कुजून मातीस मिळतो. पॉलिएथिलीन मिळत नाही. मोडकी लाकडी होडी चुलीत जाते. मोडकी प्लास्टिकची होडी पुन्हा वितळविली नाही, तर त्याच खाडीत राहते. ‘आज्ञापत्रा’ने लाकूड तोडण्यापूर्वी विचार करावयास सांगितले. प्लास्टिकच्या बाबतीत तो विचार होडी मोडल्यानंतरचा करावा लागेल.

नदीकाठची निकड

या चर्चेचे महत्त्व तंत्राच्या कुतूहलापुरते नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा व पाताळगंगा यांना आलेल्या पुराने जांभूळपाडा व नागोठणे परिसरात हाहाकार उडविला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासेच्या पुरात बदलापूर व वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांना वाचविण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल व नौदल यांच्या होड्या बाहेरून आणाव्या लागल्या. गाडी ज्या नदीच्या पाण्यात उभी होती, ती खाली जाऊन कल्याणच्या बंदराला मिळते. तेथे तीनशे साठ वर्षांपूर्वी आरमाराच्या नौका बांधल्या जात होत्या. पुरात शिडाची डिंगी उपयोगी नाही, तेथे वल्ह्याची किंवा यंत्राची सपाट होडी हवी. परंतु पत्रा कापणे, सांधा भरणे व कप्पे हवाबंद करणे ही विद्या दोहोंना समान आहे. डिंगी हा त्या विद्येचा कमी खर्चाचा पहिला धडा ठरू शकतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नौकेच्या साहित्यातील बदल सरळ रेषेत होत असला, तरी सांध्याचा इतिहास वळसे घेतो. दोरीचा टाका तारेच्या व नंतर वितळजोडाच्या टाचणाच्या रूपाने परत येतो. दुसरी, व्हियेगसच्या प्रसंगापासून ‘कौंडिण्य’पर्यंत सांध्याचे ज्ञान माणसाच्या हातात राहते आणि माणसाबरोबर जाते. तिसरी, कर्जत-खालापूर परिसरात हे ज्ञान नव्या रूपात हाताशी आहे. रासायनिक टाक्या जोडणारा कारागीर त्याला होडी म्हणत नाही, एवढेच.

येथे महाविद्यालयांना व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना वाव आहे. पदार्थविज्ञानाला ताठपणा व प्रसरण, रसायनशास्त्राला बहुवारिके, भूगोलाला नदी व भरती, इतिहासाला नौका. एका लहान होडीत हे चारही विषय भेटतात. टाकीचे वेल्डिंग करणाऱ्या कारागिराला अशा प्रकल्पात शिक्षक म्हणून बोलाविले, तर कल्याणच्या खाडीत सतराव्या शतकात जे घडले तेच घडेल. विद्या एका हातातून दुसऱ्या हातात उतरेल आणि पहिला हात गेला तरी मागे राहील.